राजय्याचा ओके

कमलताईंचा फोन आला तेव्हा मी मंगळवेढ्यात पंगतीत बसलो होतो. मेहुण्याच्या नातीचं बारसं होतं. पानात जिलबी पडली होती आणि पंख्याखालची जागा मिळाल्यामुळे मी खुशीत होतो. एरवी ताई फोनवर आधी जेवलात का विचारतात, मग विषयाला हात घालतात. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "बसण्णा, सकाळी तुम्ही राजय्याला बघितलं होतं ना?" मी म्हणालो, "हो." "किती वाजता?" "सहाला." पलीकडे कुणाला तरी त्या म्हणाल्या, "सहाला ठीक होते म्हणे," आणि मग मला, "निघा तुम्ही. मिळेल त्या गाडीनं या." राजय्या संध्याकाळी गेला. मी पोचलो तेव्हा श्वास चालू होता, पण तो यंत्राचा होता. या गोष्टीला आता दोन महिने होतील. मला लिहायचं आहे ते खरं तर त्या पंगतीतल्या 'हो'बद्दल. पण तो कळायचा तर आधी राजय्या कळायला हवा, आणि राजय्या कळायचा तर ओके हा शब्द कळायला हवा. ओके कुणाला कळत नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो.

सोलापुरात, शुक्रवार पेठेत आमची दारं समोरासमोर. मधे गल्ली, मोजून सहा पावलांची. मी मूळचा दुधनीचा, घरात कन्नड. सगळी नोकरी एसटीत गेली आणि शेवटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. राजय्याच्या घरात तेलुगू. तो चादरीच्या कारखान्यात चेकर होता. मागावरून उतरलेली प्रत्येक चादर दांडीवर टाकायची, उजेडाकडे ओढत न्यायची, तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली किनार डोळ्यांनी आणि बोटांनी शोधायची, आणि काही सापडलं नाही तर चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीनं ओके लिहून ती चिठ्ठी चादरीला टाचायची. शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगू. इंग्रजीतल्या सव्वीस अक्षरांपैकी त्याला दोनच लिहिता येत, पण ती अशी काढायचा की छापल्यासारखी. आम्ही दोघंही एकटे. बायका आधी गेल्या, माझ्या मुली बंगळुरात, त्याचा श्रीनिवास पुण्यात. संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून एकमेकांना टोचून बोलणं, हा आमचा पोटभर कार्यक्रम असे.

टोचायला त्याला माझा ओके पुरत असे. स्टँडवर मी दिवसातून शंभर वेळा ओके म्हणत असे. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक जरा लागतोय, ओके. कंडक्टर म्हणाला एक प्रवासी उतरून गेलाय, ओके. मान वर न करता. ती सवय घरी आली. राजय्या काही सांगू लागला की मी पेपरातून डोळे न काढता ओके म्हणायचो आणि तो भडकायचा. "मालकाचा ओके म्हंजे गप ऱ्हा," तो बोटं मोडून सांगायचा, "डाक्टरचा ओके म्हंजे फुडच्या म्हैन्यात परत ये. पोरगं फोनवर दोनदा ओके म्हनलं म्हंजे त्याला फोन ठिवायचा हाय. सुनेचा ओके म्हंजे न्हाई. आन तुझा ओके, बसण्णा, म्हंजे मला तरास देऊ नको." मी म्हणायचो, मग खरा ओके कुणाचा? यावर तो छातीवर हात ठेवायचा. शिष्टपणा त्याच्यातही होताच. उगाच देवमाणूस करून सांगत नाही.

एकदा मात्र त्यानं ते नीट सांगितलं. तरुण असताना एका दुपारी मालकाची गाडी दारात उभी होती, माल भरायची घाई होती, आणि यानं एक अख्खा गठ्ठा न उलगडता चिठ्ठ्या टाचल्या. गठ्ठा परत आला. चादरींच्या मधोमध धागा तुटत गेला होता. मालकानं विणणाऱ्याला काढलं. मल्लेशम नाव त्याचं, राजय्याच्याच गल्लीतला. राजय्या मालकाकडे जाऊन म्हणाला, चूक माझी आहे, मी बघितलं नव्हतं. मालकानं ऐकून घेतलं आणि कामाला लाग म्हणाला. मल्लेशम बिऱ्हाड घेऊन भिवंडीला गेला, तो पुन्हा दिसला नाही. "लोकांला वाटतं ओके म्हंजे माल चांगला हाय," राजय्या म्हणाला. "तसं न्हवं की. चांगला-वाईट देव जाने. ओके म्हंजे मी बघितलं. एवढंच. बघनाऱ्याचं नाव हाय त्यात." मी ओके म्हणालो, आणि तो एवढा चिडला की दोन दिवस पायरीवर आला नाही.

आमचा फोनवरचा ग्रुप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, आणि तो काही हौसेनं झाला नाही. मागच्या गल्लीत एक शिंपी एकटे राहायचे. दाराशी तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या साठल्या, मांजरांनी त्या फोडल्या, तरी जाणारे येणारे नाक धरून म्हणत होते की गटार तुंबलंय. दार फोडलं तेव्हा मी तिथे होतो. त्या दिवसापासून आम्हा चौघांना झोप नीट लागेना, पण तसं कुणी बोललं नाही. चौघं म्हणजे मी, राजय्या, निवृत्त नर्स कमलताई, आणि पूर्वी टेम्पो चालवायचे ते रसूलभाई. सगळे एकेकटे. कमलताईंनी नियम केला : रोज सकाळी सातच्या आत फोनवरच्या ग्रुपमध्ये प्रत्येकानं आपण ठीक असल्याचं कळवायचं. साडेसातपर्यंत ज्याचं आलं नाही त्याच्या दारात रसूलभाईंनी जायचं. आता कळवायचं काय? मी म्हणालो 'आराम', आमच्या कन्नडात तसंच म्हणतात. राजय्या म्हणाला 'बागुन्ना'. रसूलभाई 'खैरियत'. ताईंना 'बरी आहे' हवं होतं. चार घरांच्या चार भाषा, आणि चौघांना लिहिता येईल असा एकच शब्द निघाला. राजय्याला तो पसंत नव्हता. "आपलाच ओके आपुन द्यायचा? चादर कुटं सोताची चिठ्ठी लिवती का?" सगळे हसले. पण रोज सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला ओके त्याचाच यायचा.

मग गेल्या हिवाळ्यात त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. श्रीनिवास दोन दिवस राहून गेला. डोळ्यात थेंब, वर काळा चष्मा, फोनकडे बघायचं नाही अशी ताकीद. तेव्हा तोडगा मी काढला. कंट्रोलरचं डोकं, त्याला सिग्नल सुचतो. राजय्या उठला की गल्लीकडची खिडकी उघडायचा आणि दिवेलागणीला लावून घ्यायचा, हा त्याचा जन्माचा रिवाज. मी म्हणालो, सकाळी तुझी खिडकी उघडी दिसली की मीच लिहीत जाईन, 'राजय्या ओके'. त्याचं तोंड वाकडं झालं. "खिडकी बघून ओके देनार? मानूस बघ की." मी म्हणालो, "तू काय चादर आहेस, उलगडून बघायला?" तो हसला, पण सोडलं नाही. "बरं. पर एक हाक मारत जा. मी ओ दिली तर लिव." ते मी कबूल केलं. पहिले काही आठवडे हाक मारलीही. दात घासत बाहेर यायचं, "राजय्याऽऽ" म्हणायचं, आतून "ओ" यायची, मग लिहायचं. पुढे डोळा बरा झाला, तरी मेसेज माझ्याकडेच राहिला, आणि हाक… हाक कधी सुटली ते मला आठवत नाही. कुठल्या तरी सकाळी तोंडात पेस्ट असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं असेल की काल कुठे काय बिघडलं. तीन-चार महिने मी एका खिडकीला ओके देत होतो, आणि रोज ते खरं ठरत होतं. रोज खरं ठरलं, हेच वाईट झालं.

ती शेवटची संध्याकाळ. उन्हाळा ऐन भरात होता, सोलापूरचा उन्हाळा म्हणजे संध्याकाळीही पायरीचा दगड चटका देतो. राजय्या शेंगा सोलत बसला होता आणि त्याच्या हातून दाणे सारखे निसटत होते. "डावा हात जड झालाय रे," तो म्हणाला, "मुंग्या आल्यावानी होतंय." मी म्हणालो, "उन्हाचं असेल. ताक पी. बाकी ओके ना?" त्यानं मान वर केली. नवा डोळा लकाकत होता. "मला काय इचारतो? तू बघ की." मला तो नेहमीचा टोमणा वाटला. मी हसलो. सकाळची गाडी होती, पिशवी भरायची होती, म्हणून लवकर आत गेलो. तो शेंगांची टरफलं गोळा करून हळूहळू गल्ली ओलांडून गेला. पाय ओढत होता की मला आता तसं वाटतं, ते खात्रीनं सांगता येत नाही. पलीकडच्या घरात कमलताई होत्या. त्यांच्या दारात जाऊन नुसतं म्हणालो असतो, ताई, याचा हात बघा जरा, तर हे अर्धांगाचं लक्षण आहे, हे त्यांनी एका मिनिटात ओळखलं असतं. मी पिशवीत बारशाचं झबलं ठेवलं आणि झोपलो.

सकाळी सहाला बाहेर आलो. खिडकी उघडी होती. मी पायरीवर उभा राहून लिहिलं, "मी ओके. राजय्या ओके. मंगळवेढ्याला चाललो." फोन खिशात टाकला आणि रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेलो. एवढंच घडलं. खिडकीपाशी जायला सहा पावलं लागली असती, हाक मारायला तेवढीही नाही.

साडेबाराच्या सुमाराला कमलताई त्याच्यासाठी वाटीभर आमटी घेऊन गेल्या तेव्हा खिडकीतून त्यांना तो जमिनीवर दिसला. गजांतून हात घालून त्यांनीच दाराची कडी काढली. उपचार झटक्याला किती वेळ झाला यावर ठरणार होते; दवाखान्यात त्यांना पहिलं विचारलं गेलं की ठीकठाक शेवटचं कधी दिसले होते, आणि म्हणून त्यांनी मला पंगतीत फोन केला. मी 'हो' का म्हणालो? खोटं बोलायचं असं ठरवून मी 'हो' म्हणालो नव्हतो. गेले कित्येक महिने मी त्याला बघतोच आहे असं मला मनापासून वाटत होतं. पण फोन ठेवताक्षणी कळलं. पानावरून उठलो, हात धुतला, आणि गाडीत बसल्यावर पूर्ण दोन तास मनाशी म्हणत राहिलो की जाऊन खरं सांगायचं. दवाखान्याच्या जिन्यात रसूलभाई भेटले. माझा हात धरून रडायला लागले. "मैं रोज के सरीखा चप्पल पहन के तैयार बैठा था, बसण्णा. तुमारा ओके देखा, चप्पल निकाल दिया." त्यांना काय सांगणार होतो? मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. माणूस किती सहज भेकड होतो, ते मला सत्तरीत कळलं.

आणि भेकडपणा एका जागी थांबत नाही. दहाव्याच्या दिवशी श्रीनिवास माझ्याजवळ येऊन बसला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. वडिलांना तो तेलुगूत नान्ना म्हणतो. म्हणाला, "काका, नान्नांना शेवटचे भेटलेले तुम्हीच. काही म्हणाले का ते?" मी 'नाही' म्हणू शकलो असतो. नुसतं 'नाही'. पण त्याचा चेहरा बघवेना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणाला, मंगळवेढ्याला चाललास तर जपून जा." पोरगा हमसून हमसून रडला. मग ते वाक्य त्यानं बायकोला सांगितलं, मामाला सांगितलं, तेलुगूत, मराठीत. म्हाताऱ्या बाया येऊन मला सांगू लागल्या, बघा, जाताजाताही मित्राचीच काळजी. मी मान हलवत होतो. न बघता टाचलेली चिठ्ठी गल्लीभर फिरत होती आणि तिच्यावर नाव राजय्याचं होतं.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. ग्रुपवर आता तीनच ओके येत. पहाटे चारला जाग यायची आणि मी हिशोब करत पडायचो : सहाला बघितलं असतं तर… सहा ते साडेबारा… साडेसहा तास. रोज तेच. साडेसहा तासांचा गुन्हा माझ्या नावावर आहे, तो कधीतरी कबूल करायचा, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. पुढचं मला माहीत नव्हतं.

श्रीनिवास घर रिकामं करायला एकटाच आला. चहा घेऊन मी गेलो. त्या खोलीत तोवर मी पाऊल टाकलं नव्हतं. तो भांडी खोक्यात भरत होता. म्हणाला, "काका, ते जपून जा म्हणालेले ना, तेच मी मुलीला सांगतो रोज. आजोबा असे होते म्हणून." तेव्हा मला ते सहन झालं नाही. कप खाली ठेवला आणि उभ्यानंच बोललो. "श्रीनिवास, त्या सकाळी मी त्याला बघितलं नाही. खिडकी उघडी दिसली, म्हणून लिहिलं. ते जपून जा… ते मी रचलं."

मला वाटलं ओरडेल. मला ते हवं होतं, खरं सांगायचं तर. त्यानं हातातलं पातेलं खोक्यात नीट ठेवलं आणि विचारलं, "खिडकी उघडी होती?"

"हो."

"नान्ना रोज दिवे लागले की खिडकी लावायचे, काका. डास येतात म्हणून. एक दिवस चुकवायचे नाहीत." तो खिडकीकडे वळला. "कमलताई म्हणाल्या होत्या की जेवणाचं ताट झाकलेलं तसंच होतं. आम्हाला वाटलं, सकाळचं…"

महिनाभर मी सहापासून मोजत होतो. ती खिडकी सकाळी कुणी उघडलीच नव्हती. ती आदल्या संध्याकाळपासून लावायची राहिली होती. ज्या खुणेवर मी ओके दिला, तीच खूण सांगत होती की काहीतरी बिघडलंय, आणि ते कळायला चेकर असायची गरज नव्हती. शेजारी असणं पुरलं असतं.

"कुठे होते ते?" श्रीनिवासनं विचारलं. कमलताईंनी सांगितलं होतं ते मी दाखवलं, खाट आणि भिंत यांच्यामध्ये, खिडकीकडे तोंड करून. तो तिथे खाली बसला, मग हळूच कुशीवर झाला. मला म्हणावंसं वाटलं की उठ बाबा, असं करू नको. फळीकडे बोट करून तो म्हणाला, "फोन तिथे चार्जिंगला होता. चालू होता. तुमचा मेसेज न वाचलेला आहे त्यावर. आवाज मोठा ठेवायचे ते, ऐकू कमी यायचं म्हणून." मग तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. जुन्या घराची खिडकी, जमिनीपासून जेमतेम हातभर वर. "काका," तो म्हणाला, "इथून तुमचं दार दिसतं."

डॉक्टर म्हणतात, त्या अवस्थेत त्याला किती कळत होतं ते कुणीच सांगू शकत नाही. श्रीनिवास पुण्याला गेला. जाताना एरवी पाया पडतो, तसा पडला नाही आणि ते योग्यच झालं. किल्ली घरमालकाला द्यायला मला सांगून गेला. द्यायच्या आधी मी एकदा दार उघडलं, आत गेलो आणि त्या जागी आडवा झालो. बघायला हवं होतं म्हणून बघितलं. दार दिसतं. उंबरा दिसतो, चपला दिसतात, सकाळी मी फोन घेऊन उभा राहतो ती पायरी दिसते. तिथे माणूस उभा असेल, तर त्याचा चेहराही स्वच्छ दिसेल.